विभावरीचा दुभाष्या

इंगोलश्टाटच्या भाड्याच्या हॉलमध्ये गणपतीची आरती नुकतीच आटोपली होती. मसालेभाताची कागदी थाळी हातात घेऊन सत्यजित मोहिते उभा होता, तेवढ्यात मंडळाच्या प्रसन्ननं म्युनिकहून आलेल्या पाहुण्यांशी त्याची ओळख करून दिली. "हे आपल्या विभावरीताईंचे मिस्टर."

झालं! सत्यजित हसला, हात मिळवला, "बसा ना, भात घ्या ना" म्हणाला, पण त्याच्या स्वतःच्या भाताची चव गेली ती गेलीच. गिअरबॉक्सचा डिझाइन इंजिनिअर, पुण्यात जर्मनच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात काढलेला, मंडळाचा खजिनदार राहिलेला माणूस, आणि ओळख काय, तर बायकोचा नवरा! बरं, पाहुण्यांनी तरी गप्प बसावं की नाही? त्यांतल्या एक बाई लगेच चित्कारल्या, "अय्या, त्या हँडबॉलवाल्या? त्यांचा फोटो आम्ही पेपरात पाहिला होता!"

सत्यजितच्या पोटात जे दुखलं ते मसालेभातानं नव्हे. ते दुखणं जुनं होतं, आणि जर्मनीत आल्यापासून फार वाढलं होतं.

खरं सांगायचं तर विभावरी फोटो छापावा अशीच बाई होती. दिसायला चारचौघींसारखी, उंचीला बेताची, पण पाय असे की बघत राहावं. सांगलीला वडील हळदीच्या अडतीवर कारकून, आणि ही शाळा सुटली की खो-खोच्या मैदानावर. हिच्या मागं लागलेली पोरगी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायची आणि ही खुंटाला वळसा घालून पुन्हा तिच्याच समोर उभी! जिल्हा झाला, राज्य झालं, मग रेल्वेनं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी दिली. खो-खोचा मोसम हिवाळ्यातला. उरलेले महिने करायचं काय? तिथं हँडबॉलच्या संघाला पोरी कमी पडत होत्या, म्हणून प्रशिक्षकांनी हिला उभी केली. ही तिथंही रमली. हुलकावणी द्यायची सवय जुनीच होती, आता हातात चेंडू आला एवढंच. दोन खेळ खेळून त्यावर पगार घेणाऱ्या बायका तेव्हा आपल्याकडे होत्या किती? नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत गावाकडे लोकांना हे पटायचंच नाही. "खेळायचा पगार? काम काय करतेस ते सांग," असं तिची आत्या शेवटपर्यंत विचारत राहिली.

आणि सत्यजित? तोही सांगलीचाच, तोही खो-खोवाला. कॉलेजच्या बारा जणांच्या संघात त्याचं नाव कायम असायचं. मैदानात नऊ जण उतरायचे, आणि उरलेल्या तिघांत सत्यजितची जागा इतकी पक्की होती की कुणी ती हलवू शकलं नाही. पाणी, टॉवेल, टाळ्या. विभावरीचा खेळ त्यानं त्या काळात कितीदा तरी पाहिला होता. पुढं स्थळ सांगून आलं तेव्हा तो एका पायावर तयार झाला. लग्नानंतर पुण्यात ऑफिसमधल्या प्रत्येकाला त्याचं सांगून झालं होतं, "आमची मिसेस नॅशनल प्लेअर आहे बरं का." त्याला कौतुक होतं, खोटं कशाला बोला. फक्त ते कौतुक त्याच्या तोंडून झालेलं त्याला आवडायचं, दुसऱ्याच्या नाही.

सन दोन हजारात कंपनीनं त्याला इंगोलश्टाटला पाठवलं. विभावरीनं रेल्वेची नोकरी सोडली, लहानग्या सुकन्येला कडेवर घेतलं आणि मागोमाग आली. पहिलं वर्ष-दीड वर्ष म्हणजे सत्यजितच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, तो करणार, डॉक्टरशी तो बोलणार, कचऱ्याच्या डब्यांवरून इमारतीचा हाउसमाइस्टर ओरडला तर खाली उतरून तोच उत्तर देणार. विभावरी त्याच्या बाहीला धरून विचारायची, "अहो, काय म्हणतोय तो?" तो ऐटीत सांगायचा. नॅशनल प्लेअर बाई पाव आणायलासुद्धा त्याच्याबरोबर जायची. असं सुख त्याला त्याआधी मिळालं नव्हतं आणि आपण सुखात आहोत हे त्याला नीट कळतही होतं.

मग माशी शिंकली. सुकन्येला गल्लीजवळच्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्रीडा मंडळात, उड्या मारायला घातलं होतं. एक दिवस शेजारच्या कोर्टातून हँडबॉल बाहेर आला आणि बाकावर बसलेल्या विभावरीनं तो उचलून परत फेकला. नुसता परत फेकला हो! पण तो पार पलीकडच्या गोलच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथला ट्रेनर धावतच आला. विभावरीनं हातवारे केले, त्यानं हातवारे केले, आणि पुढच्या मोसमात ती क्लबाच्या पहिल्या संघात होती. तिशीची, एका पोरीची आई, आणि वर तिला महिन्याला मानधन! तीन मोसम खेळली. गावच्या पेपरानं 'इंडरिन', म्हणजे भारतीय बाई, म्हणून फोटो छापला. सत्यजितच्या बॉसनं तो कँटीनच्या भिंतीवर चिकटवला आणि म्हणाला, "हेर मोहिते, तुम्ही बोलला नाहीत कधी!" सत्यजित "जा, जा", म्हणजे हो, हो, करत हसला आणि दुपारभर त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात राहिली. फोटो चांगला होता, हे तर त्याहून वाईट.

चौथ्या मोसमाआधी तिचा गुडघा गेला. ऑपरेशन, हॉस्पिटल, कुबड्या. सत्यजितनं मनापासून सेवा केली. डब्यातून वरणभात नेला, सुकन्येच्या वेण्या घातल्या. पण त्याला आतून हायसं वाटत होतं, आणि वरणभात भरवताना ते हायसं वाटणं त्याला चोरीच्या मालासारखं लपवावं लागत होतं. आता सगळं पूर्वीसारखं होणार, असं त्यानं ठरवूनसुद्धा टाकलं.

कुठलं काय! क्लबातल्याच कुणीतरी शब्द टाकला आणि शहरातल्या होखशूलनं, म्हणजे तिथल्या कॉलेजनं, विभावरीला मुलींच्या हँडबॉल संघाची ट्रेनेरिन म्हणून बोलावलं. तासावर काम, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. विभावरी म्हणाली, "अहो, मला खेळता येतं, पण सांगू कशी? माझं जर्मन म्हणजे पाव, दूध आणि गुटन टाग. तुम्ही याल का?"

सत्यजितला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरजच नव्हती, तो आधीच फांदीवर बसलेला होता. त्याच शनिवारी त्यानं निळा ट्रॅकसूट आणला. शिट्टीही आणली. "भाषांतराला शिट्टी कशाला?" विभावरीनं विचारलं. "असू दे," तो म्हणाला.

ते पहिलं वर्ष काय सांगावं! विभावरी तीन शब्द बोलायची आणि सत्यजित पाच मिनिटं. "खाली बसा आणि वळा," असं ती म्हणाली की हा शरीराचा तोल, भारतीय परंपरा, गुरुत्वमध्य असं सगळं फिरवून आणायचा, मध्ये एखादा विनोद टाकायचा, पोरी हसायच्या. विभावरी शांत उभी राहून त्याचं संपायची वाट बघायची. तिनं हँडबॉलच्या पोरींना खो-खोसारखं एका ओळीत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, असं जमिनीवर बसवलं. पाठीवर थाप पडली आणि 'खो' ऐकू आला की उठायचं, कोणत्या बाजूला पळायचं ते उठता उठता ठरवायचं. बचाव करणाऱ्या पोरींचे पाय त्यामुळे असे सुटे झाले की समोरच्या संघांना कळेना, या एवढ्या चटकन वळतात कशा.

गंमतही व्हायची. संघाची गोलकीपर होती ऊटे नावाची, घोड्यासारखी उंच, मनानं साधी. विभावरी बसलेल्या पोरींवर ओरडायची, "ऊठ! ऊठ!" की गोल सोडून ऊटे धावत यायची आणि विचारायची, "जा, बिटे?" म्हणजे, हो, काय हवंय? हसून हसून सगळ्या आडव्या. सत्यजितनं मग 'ऊठ' या क्रियापदावर छोटं भाषण दिलं होतं आणि ते फार रंगलं होतं.

एकदा सराव चालू असताना पेपरची बाई आली. होखशूलच्या पोरी ओळीनं सामने जिंकत होत्या, त्याचं गुपित काय, असं तिनं विचारलं. विभावरी म्हणाली, "आमच्याकडचा खो-खो आहे, तोच इथं आणला." सत्यजितनं भाषांतर केलं ते असं: "ही पद्धत खरं म्हणजे माझी. मी कॉलेजात खो-खोचा खेळाडू होतो. आखणी माझी, मैदानात ती करून घेते." आणि वर मान तिरकी करून बायकोकडे पाहिलं. विभावरी हसत उभी होती. बाईनं सगळं टिपून घेतलं, आणि छापून आलं तेव्हा फोटोत दोघं होते. सत्यजितनं त्या अंकाच्या चार प्रती आणल्या. घरी विभावरीनं पेपर उघडला, फोटो पाहिला, "छान आलाय," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली.

पण पोरी हुशार निघाल्या, काय करणार! वर्षभरात त्यांना 'ऊठ', 'पळ', 'वळ', 'अगं', 'हळू' सगळं येऊ लागलं. 'अगं बाई' तर त्या आपापसात म्हणायच्या. विभावरीनं नुसती भुवई उचलली तरी त्यांना समजायचं. सत्यजित बोलायला सुरुवात करायचा तेव्हा त्यांच्या नजरा त्याच्या खांद्यावरून पलीकडे, तिच्याकडे. दुसऱ्या वर्षी तर एका सामन्यात विभावरीनं टाइम-आउटसाठी टेबलावर हिरवं कार्ड ठेवलं. हक्काचं एक मिनिट. ती दोन वाक्यं बोलली. सत्यजितनं घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि ऊटेनं त्याच्या दंडाला हात लावून अगदी गोड आवाजात म्हटलं, "डांके, सत्या. समजलं आम्हाला." पोरी मैदानात पळाल्या. सत्यजित ट्रॅकसूट घालून, शिट्टी लटकवून, उघड्या तोंडानं उभा. पोरगी गोड बोलली म्हणून तर जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्या रात्री जेवताना सुकन्या नेहमीसारखी जर्मनमध्ये शाळेची बडबड करत होती आणि विभावरी मराठीत तिला उत्तरं देत होती, दोघी हसत होत्या. सत्यजित पोळी मोडत बसला होता. हिला एवढं कसं मिळतं? त्याला खरंच कळत नव्हतं. सांगलीत हिचं नाव, रेल्वेत हिचं नाव, इथं भाषा माझी, व्हिसा माझ्या नोकरीवर, घर माझ्या नावावर, आणि नाव पुन्हा हिचंच. गुडघा मोडला तरी हिचंच! मला एवढी दोन संध्याकाळची तिच्या शेजारची जागा आहे, तीही आता चालली.

दोन हजार सातच्या वसंतात होखशूलच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर यांचा घरी फोन आला. फोन अर्थातच सत्यजितनं घेतला. विभावरीला पूर्ण वेळची, कायमची जागा द्यायचा विचार होता. शनिवार-रविवारचे दौरे, ट्रेनरच्या लायसन्सचा अभ्यासक्रम. "आणि हो," बाई म्हणाल्या, "भाषेचा वर्गही आम्हीच लावून देऊ, म्हणजे तुम्हाला दर वेळी तसदी नको."

तसदी! सत्यजितनं फोन ठेवला. जागा मिळाली की दुभाष्याचं काम संपलं. मंगळवार संपले, शुक्रवार संपले. मग राहिला तो फक्त विभावरीताईंचा मिस्टर.

विभावरीला त्यानं निरोप सांगितला, भाषेच्या वर्गाचं तेवढं गाळून. तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. "अहो, कायमची? पगारी? रेल्वेनंतर पहिल्यांदा!" मग म्हणाली, "गुरुवारी बोलावलंय ना? तुम्ही याल ना बरोबर?"

"येणार तर," तो म्हणाला.

फ्राऊ लिंडनर यांच्या खोलीत त्या होत्या, संघातर्फे ऊटे होती आणि हे दोघं. कॉफी आली. सुरुवातीचं भाषांतर सत्यजितनं सरळ केलं. किती वर्षं खेळलीस, गुडघा कसा आहे, वगैरे. मग बाईंनी विचारलं, दौऱ्यांमुळे शनिवार-रविवार घराबाहेर राहावं लागेल, घरी चालेल का?

विभावरी म्हणाली, "सुकन्या आता मोठी झाली. आणि घरी हे आहेत, यांना सगळं येतं."

सत्यजितनं कॉफीचा घोट घेतला. आयुष्यात मैदानावर ज्याला एकदाही खो देता आला नाही, तो आता बायकोच्या कामात खो घालायला निघाला. "ती म्हणते," त्यानं स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "मुलगी अजून लहान आहे. तिला तिची काळजी वाटते."

ऊटेच्या कपाळावर आठी पडली. फ्राऊ लिंडनर यांनी चष्मा काढला. "अस्सं? मग आत्तासारखं तासावरच ठेवायचं का? आम्हाला घाई करायची नाही." सत्यजितनं गंभीरपणे मान डोलावली. त्याला बरं वाटत होतं, उगाच नाकारून काय उपयोग. एवढं वाक्य पार पडलं की मंगळवार राहतात, शुक्रवार राहतात.

पण बाई मुरलेल्या होत्या. त्या खुर्चीत पुढं सरकल्या आणि सत्यजितला ओलांडून थेट विभावरीकडे पाहत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "फ्राऊ मोहिते. तुम्हाला स्वतःला ही जागा हवी आहे का?"

विभावरी म्हणाली, "जा."

खोलीत कुणी काही बोलायच्या आत सत्यजित हसला. मोकळा, समजूतदार दुभाष्याचं हसू. "एन्टशुल्डिगुंग, माफ करा, इथं गैरसमज होईल. आमच्या मराठीत 'जा' म्हणजे हो नव्हे. 'जा' म्हणजे निघा, चला. ती मला म्हणतेय की आता निघू या, घरी जाऊन विचार करू."

काय डोकं बघा माणसाचं! मनातल्या मनात क्षणभर त्यानं स्वतःलाच शाबासकी दिली. फ्राऊ लिंडनर यांनी "आखसो", म्हणजे असं होय, म्हणून चष्मा पुन्हा लावला. ऊटे विभावरीकडे बघत होती.

विभावरीनं कप बशीत ठेवला.

"नाइन," ती म्हणाली. "इश हाबे डॉयच गेझाग्ट." नाही, मी जर्मन बोलले.

आणि मग ती बोलतच राहिली. 'देर'च्या जागी 'दी', 'दी'च्या जागी 'दास', अशी शब्दांची लिंगं चुकत होती, क्रियापदं भलतीकडे, पण थांबली नाही. मुलगी मोठी आहे. नवरा घरी असतो, तो छान स्वयंपाक करतो. मी शनिवारी जाऊ शकते, रविवारी जाऊ शकते. मला ही जागा हवी, अख्खी हवी. माझ्या व्याकरणाला शाळेत घाला, मी जाते. ऊटे हसायला लागली आणि तिचे डोळेही भरले. फ्राऊ लिंडनर यांनी उठून विभावरीचा हात हातात घेतला. मग त्यांनी सत्यजितकडे पाहिलं. कॉफी हवी का आणखी, एवढं विचारलं.

दोघं खाली गाडीपाशी आले. सत्यजितनं किल्ली काढली, पण दार उघडलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "एवढं जर्मन कधी शिकलीस?"

"हॉस्पिटलात," ती म्हणाली. "गुडघ्याच्या वेळी. शेजारच्या खाटेवरच्या आजी दिवसभर बोलायच्या. पडल्या पडल्या ऐकत होते. बोलायची लाज वाटायची, पण समजायला लागलं."

"म्हणजे..." त्यानं हिशेब केला आणि तो हिशेब त्याला आवडला नाही. "म्हणजे पहिल्या दिवसापासून? होखशूलच्या?"

"पहिल्या दिवशी सगळं नव्हतं समजत. महिन्याभरात समजायला लागलं."

"मग मी तिथं काय करत होतो? दोन अडीच वर्षं मी काय करत होतो?"

"तुम्हाला आवडत होतं," विभावरी म्हणाली. "तुम्ही ट्रॅकसूट आणलात. मंगळवारी सकाळपासून खुशीत असायचात. म्हटलं, असू दे. मला काय जातंय?"

सत्यजितच्या डोळ्यांपुढून सगळं सरकू लागलं. गुरुत्वमध्य, भारतीय परंपरा, पोरींना सांगितलेले विनोद. आणि मग ती पेपरवाली बाई. "ती... ती मुलाखत घ्यायला आलेली..."

"समजलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोरींसमोर तुम्हाला खोटं पाडू?" तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "नाव हवं होतं तुम्हाला. घेतलंत. माझं काही कमी नाही झालं."

त्याला आजवर तिचा हेवा वाटला होता तो तिच्या पायांचा, नावाचा, भिंतीवरच्या फोटोचा. हे एवढं मोठं मन तिच्यापाशी आहे आणि आपल्यापाशी त्यातलं चिमूटभरही नाही, हे त्याला आज दिसलं, आणि त्याचा जो हेवा वाटला तो सगळ्यांत वाईट होता. त्यावर तो चिडूसुद्धा शकत नव्हता.

"आज पाडलंस ना खोटं," तो शेवटी पुटपुटला. "बाईंसमोर. ऊटेसमोर."

विभावरीनं पहिल्यांदा आवाज चढवला. "आज तुम्ही माझं नाव घेत नव्हता, अहो! माझं काम घालवत होता!"

पार्किंगमधून जाणारी दोन पोरं वळून बघायला लागली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिला रुमाल सापडत नव्हता. सत्यजितनं आपला काढून दिला. तिनं घेतला.

मग त्यानं विचारलं, "उद्या शुक्रवार आहे. येऊ का मी? नुसता बसेन."

"नको," विभावरी म्हणाली. "उद्या नको. पुन्हा कधी यायचं ते मी सांगेन."

त्यानं मान हलवली आणि तिच्यासाठी दार उघडलं.